टचलाइनच्या बाहेरून

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानं खेळतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी मुळात तालमींची नावं. लाल मातीत शड्डू ठोकणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी पायांत बूट चढवले, पण नाव तेच ठेवलं. त्यामुळं इथल्या सामन्याला पेठेची ईर्षा चिकटलेली असते. पाऊस सरला की हंगामाची चाहूल लागते आणि मग पुढचा पाऊस येईपर्यंत शाहू स्टेडियमवर दुपारी दोनला एक आणि चारला एक असे सामने चालतात. दुकानाचं शटर अर्धं ओढून येणारे, शाळा बुडवून येणारे, नातवाला खांद्यावर घेऊन येणारे अशा सगळ्यांनी गॅलरी भरते.

मी नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी, किंवा साहेबांनी लवकर सोडलं तर इतर दिवशीही, कॅमेरा घेऊन तिथं जातो. पेठेतली पोरं अलीकडं विचारायला येतात. कुणी वडिलांकडून हट्टानं कॅमेरा घेतलेला असतो, कुणाकडं नुसता मोबाइल असतो. ‘फोटो चांगले का येत नाहीत?’ हा त्यांचा प्रश्न असतो. त्यांना तुकड्यातुकड्यानं जे सांगत आलो ते इथं एकत्र लिहितो. माझं म्हणणं थोडक्यात असं: टीव्हीवरच्या सामन्यांचे फोटो काढणाऱ्यांकडं लाखांच्या लेन्स असतात, आपल्याकडं एकच भांडवल आहे, ते म्हणजे ही माणसं आपल्या ओळखीची आहेत आणि पुढच्या आठवड्यातही आपण त्यांनाच पाहणार आहोत. या ओळखीचा फोटोत उपयोग कसा करायचा, हेच शिकायचं.

१. आधी सूर्य कुठं आहे ते बघा, मग जागा धरा.

बहुतेक जण आपल्या संघाचा हल्ला ज्या गोलकडं आहे तिकडं जाऊन बसतात. मी आधी सावली पाहतो. सूर्य पाठीमागं किंवा खांद्याच्या तिरक्या रेषेत असेल, तर खेळाडूंचे चेहरे उजळ येतात. समोर असेल तर चेहरा काळा आणि जर्सीची कड तेवढी चमकते. आपला संघ पलीकडच्या बाजूला हल्ला करत असेल तर करू दे. हाफ टाइमनंतर तो आपल्याकडं येणारच आहे. तोवर आपल्यासमोर आपली बचावफळी आणि गोलकीपर आहे, त्यांचे फोटो काढा.

आणखी एक गोष्ट ऋतूची. दुपारी दोनचा डिसेंबरमधला सामना आणि दोनचाच एप्रिलमधला सामना, फोटोच्या दृष्टीनं दोन वेगळे खेळ आहेत. डिसेंबरमध्ये त्या वेळी सूर्य कललेला असतो, प्रकाश तिरका येतो, चेहऱ्याला उठाव मिळतो. एप्रिलमध्ये ऊन जवळजवळ माथ्यावरून पडतं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर. अशा उन्हात भुवयांखाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. त्यावर इलाज एकच: खेळाडू वर बघेल असा क्षण पकडायचा. हेड घेताना, उंच चेंडू छातीवर घेताना, गोलकीपर कॉर्नरचा चेंडू हवेत झेलताना चेहरा वर होतो आणि तेच ऊन चेहऱ्यावर पसरतं. उन्हाळ्यात दोनच्या सामन्याला मी हवेतले चेंडू शोधतो आणि जमिनीवरचा खेळ चारच्या सामन्यासाठी ठेवतो.

२. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा हळू ठेवू नका.

याचा हिशेब सोपा आहे. जोराचा फटका ताशी ९० किलोमीटर वेगानं निघाला असं धरा. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. शटर १/२५० ठेवलं तर तेवढ्या वेळात चेंडू १० सेंटिमीटर सरकतो. चेंडूचा व्यासच सुमारे २२ सेंटिमीटर, त्यामुळं फोटोत चेंडूच्या जागी लांबट पांढरा पट्टा उमटतो. १/१००० ला तो अडीच सेंटिमीटर सरकतो, आणि तेवढं डोळ्याला खटकत नाही. पायाचंही तसंच. धावणाऱ्याचं धड १/५०० ला स्थिर येईल, पण फटका मारणारा बूट पुसट होईल.

मी शटर १/१००० वर धरतो, लेन्सचं तोंड जेवढं उघडतं तेवढं उघडतो आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवतो. डिसेंबरमध्ये चारचा सामना संपता संपता सूर्य मावळतीला टेकलेला असतो. शेवटच्या वीस मिनिटांत उजेड भराभर उतरतो आणि नेमका त्याच वेळी सामना तापलेला असतो. अशा वेळी आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर जाऊ द्या. फोटोत दाणे दिसतील. दाणेदार पण ठळक फोटो पोरगं घरात लावतं. स्वच्छ पण हललेला फोटो कुणी जवळ ठेवत नाही.

३. पांढरी जर्सी कॅमेऱ्याला फसवते, चेहऱ्यावर लक्ष ठेवा.

भर उन्हात पांढऱ्या जर्सीचा कापूस होतो. घड्या, नंबर, तालमीचं नाव सगळं विरून जातं. उन्हाळ्यात मी एक्स्पोजर थोडं खाली ओढतो. पण किती ओढायचं हे चेहऱ्यावरून ठरवा. उन्हात रापलेली आपली पोरं आणि आफ्रिकेतून येऊन इथल्या संघांत खेळणारे खेळाडू यांचे चेहरे जर्सी वाचवण्याच्या नादात काळोखात जातात. परगावाहून, परदेशातून आलेला खेळाडू इथला फोटो घरी पाठवतो. त्यात त्याचा चेहरा ओळखू आला नाही, तर जर्सीच्या घड्या कितीही सुंदर आल्या असल्या तरी त्या फोटोचा काही उपयोग नाही. सामना सुरू होण्याआधी खेळाडू वॉर्मअप करतात, तेव्हा दोन-चार फोटो काढून स्क्रीनवर चेहरे मोठे करून बघावेत आणि तिथंच सेटिंग पक्कं करावं.

४. गुडघे टेका, नाहीतर मांडी घाला.

उभ्यानं काढलेल्या फोटोत खेळाडूमागं नुसतं गवत येतं. बसून काढला की तोच खेळाडू उंच दिसतो, त्याचं डोकं क्षितिजाच्या वर जातं आणि मागं गॅलरी येते. शाहू स्टेडियमची भरलेली गॅलरी हे आपलं वैभव आहे. लेन्स उघडी ठेवली की त्या हजारो माणसांचे रंगीत ठिपके होतात आणि त्यांच्यापुढं खेळाडू कोरून काढल्यासारखा उभा राहतो. बसण्याआधी आपल्या जागेवरून समोर काय दिसतं ते एकदा बघून घ्या. रुग्णवाहिका, खुर्च्यांची चळत, पाण्याचे जार, फलकावरच्या पुढाऱ्याचा भला मोठा चेहरा, या गोष्टी फोटोत डोकावतात. चार पावलं सरकून हे टळतं.

टचलाइनजवळ बसायला संयोजकांची परवानगी लागते, ती आधी घ्या. लाइन्समनच्या धावण्याच्या पट्टीत बॅग ठेवू नका. आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढायची सवय लावा. एक डोळा कॅमेऱ्यात असतो, तेव्हा बाजूनं सरकत येणारा स्टॉपर दुसऱ्या डोळ्याला दिसला पाहिजे.

५. लांबचा खेळ सोडून द्या.

मैदान १०० मीटर लांब. हौशी माणसाकडं साधारण ५५-२५० किंवा ७०-३०० ची लेन्स असते. पलीकडच्या गोलसमोर चाललेली झटापट या लेन्समध्ये मुंग्यांसारखी येते. मग ती कापून मोठी करायची, आणि मोठी केली की चेहरे विस्कटतात. माझा स्वतःपुरता नियम असा आहे की फ्रेमच्या निम्म्या उंचीएवढा तरी खेळाडू दिसत नसेल, तर बटण दाबायचं नाही. गोल पलीकडं झाला तर तो डोळ्यांनी बघायचा आणि आनंद घ्यायचा. गोल करणारा धावत कुठं जाणार आहे, याचा विचार मात्र त्याच क्षणी सुरू करायचा.

मोबाइलवाल्यांना हे जास्तच लागू. मोबाइलचा झूम ताणून खेळाचा फोटो काढण्याचा हट्ट सोडा. मोबाइलनं उत्तम येतात ते जवळचे फोटो: बुटाच्या नाड्या आवळणारे हात, घोट्याला बांधलेली पट्टी, मैदानात पाऊल ठेवताना मातीला हात लावून कपाळाला लावणारा खेळाडू, हाफ टाइमला घोळक्यात उभा राहून बोलणारा प्रशिक्षक. हे फोटो लांब लेन्सवाल्याला जमत नाहीत, त्यामुळं मोबाइल आहे म्हणून कमीपणा मानू नका.

६. फोकस चेंडूवर नको, माणसावर ठेवा.

कॅमेऱ्याला सतत फोकस धरून ठेवायला सांगायचं. कॅननवर त्याला एआय सर्वो म्हणतात, निकॉन आणि सोनीवर एएफ-सी. सगळे बिंदू मोकळे सोडले तर कॅमेरा मधे येणाऱ्या पंचालाही धरतो. म्हणून मधला छोटा गट निवडा आणि तो खेळाडूच्या छातीवर ठेवा. चेहरा लहान असतो, हलतो आणि निसटतो. छाती मोठी, शिवाय तिच्यावरच्या नावामुळं नि पट्ट्यांमुळं कॅमेऱ्याला पकडायला काहीतरी मिळतं. चेंडू येण्याआधीच खेळाडू धरलेला असावा. चेंडू आल्यावर धरायला गेलात तर तोवर पास निघून गेलेला असतो.

साध्या कॅमेऱ्यात रॉ फोटो काढत राहिलात की चार-सहा फोटोंनंतर कॅमेरा दम खातो. सामन्यासाठी मी जेपेग वापरतो. आणि बटण दाबून धरू नका. तीन-चार फोटोंचा छोटा झटका, थांबायचं, परत झटका.

७. सरावाला जा.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच, आणि नेमका तोच कुणाला ऐकायचा नसतो. सामन्याच्या दिवशी कॅमेरा घेऊन येणारे वाढले आहेत. सकाळी गांधी मैदानावर किंवा पेठेतल्या एखाद्या मोकळ्या जागेत सराव चालतो, तिथं कॅमेरा घेऊन कुणी येत नाही. तिथं तासभर बसलं की कोण कसा खेळतो ते कळतं. हा फॉरवर्ड उजव्या पायाचा असला तरी आत वळताना डाव्यानं मारतो. हा मिडफिल्डर पास देण्याआधी एकदा मान वळवून मागं बघतो. फ्री किक घेणारा चेंडू ठेवतो, मागं सरतो, जर्सीच्या बाहीला कपाळ पुसतो आणि मगच धावतो. एकदा ही बाही पुसण्याची खूण ठाऊक झाली की सामन्यात आपण एक सेकंद आधी तयार असतो. फुटबॉलच्या फोटोत एक सेकंद म्हणजे पुष्कळ.

बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तो चेंडूमागं कॅमेरा फिरवतो आणि जे मिळेल ते घेतो. आपल्याला मात्र ठाऊक असतं की कॉर्नर आपल्या संघाला मिळाला की दोन नंबरचा उंच पोरगा मागून धावत येऊन दुसऱ्या खांबाशी उडी घेतो. मग चेंडू कोपऱ्यात ठेवला जात असतानाच लेन्स दुसऱ्या खांबाकडं वळलेली असते. समोरच्या पेठेच्या संघाचीही अशीच माहिती ठेवा. तुमची पेठ कुठलीही असो, कॅमेऱ्याला पेठ नसावी. त्यांच्या सरावालाही जाऊन बघा. मी गेलो तेव्हा कुणी हटकलं नाही, उलट चहा मिळाला.

सरावाला जाण्याचा आणखी एक लाभ म्हणजे खेळाडूंना आपल्या असण्याची सवय होते. मग सामन्यात कॅमेरा पाहून कुणी छाती फुगवत नाही की तोंड फिरवत नाही. पडलेला खेळाडू वेदनेनं तोंड वाकडं करतो, तेव्हा समोर कोण आहे याचं त्याला भान नसतं. हा विश्वास आहे. तो ओळखूनच कुठला फोटो लोकांसमोर न्यायचा आणि कुठला ठेवून द्यायचा हे ठरवावं.

या शहराला कॅमेऱ्याची ओढ जुनीच आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथं, याच गावात, स्वतः चित्रपटाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. परदेशातून यंत्र येण्याची वाट न बघता जे होतं त्यातून त्यांनी ते उभं केलं. तीनशे मिलिमीटरची साधी लेन्स आहे म्हणून अडून बसणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो.

८. शिट्टी वाजली की कॅमेरा खाली घेऊ नका.

गोल झाला. सगळे लेन्सवाले गोल करणाऱ्याकडं वळतात आणि ते ठीकच आहे, तो फोटो हवाच. पण त्याचे दोन-तीन फोटो मिळाले की मान वळवा. जाळीतून चेंडू काढायला वाकलेला गोलकीपर, कमरेवर हात ठेवून जमिनीकडं बघणारा स्टॉपर, राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठून धावलेली पोरं आणि बसूनच राहिलेला म्हातारा पदाधिकारी, गॅलरीत एकमेकांच्या गळ्यात पडलेले अनोळखी. पुढचं अर्धं मिनिट हे सगळं उघड्यावर असतं, मग सेंटरला चेंडू ठेवला जातो आणि माणसं पुन्हा सावरतात. चेंडू नसलेले माझे जे काही चांगले फोटो आहेत ते याच अर्ध्या मिनिटातले आहेत. खेळ चालू असताना मात्र चेंडू फ्रेममध्ये हवाच, नाहीतर दोन माणसं विनाकारण एकमेकांना ढकलताना दिसतात.

९. एक सामना फक्त एका बचावपटूला द्या.

वर्तमानपत्रात गोल करणाऱ्याचा फोटो येतो. डावा बॅक वर्षानुवर्षं खेळतो, गुडघा दुखवून घेतो, लग्न करतो, खेळ सोडतो, आणि त्याचा खेळतानाचा एकही धड फोटो कुणाकडं नसतो. म्हणून अधूनमधून एखादा सामना मी ठरवून अशा एकाला देतो. पूर्ण वेळ लेन्स त्याच्यावर. चेंडू त्याच्याकडं असो वा नसो. यातून फोटोग्राफरही घडतो, कारण खेळ चेंडूपासून दूर कसा चालतो ते दिसायला लागतं: तो हात वर करून ऑफसाइडची रेषा कशी धरतो, पुढच्याला ओरडून जागा कशी दाखवतो, चेंडू लांब असताना श्वास कुठं घेतो. हाच सराव पुढं सगळ्या सामन्यांना उपयोगी पडतो.

गोलकीपरसाठी गोलच्या मागं, खांबापासून थोडं बाजूला बसा. जाळी मधे येते, तेव्हा लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या आणि तोंड पूर्ण उघडा, दोरे विरघळून जातात. पंचांना ती जागा मान्य आहे का, ते मात्र आधी विचारा.

१०. टायब्रेकरला गोंधळू नका.

बाद फेरीत सामना बरोबरीत सुटला की टायब्रेकर. इथं धावपळ नाही, सगळं आधी ठाऊक असतं: पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर, मारणारा एक, अडवणारा एक. एकाच फ्रेममध्ये दोघं हवे असतील तर बाजूनं बसा. एकटा गोलकीपर हवा असेल तर मारणाऱ्याच्या मागच्या कोनातून, पण लांबून. मी पहिल्या दोन किकना हे करतो आणि नंतर लेन्स मधल्या वर्तुळाकडं वळवतो. तिथं बाकीचे खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीत उभे असतात. प्रत्येक किकला ती ओळ वेगळी दिसते. कुणी डोळे मिटतो, कुणी गुडघ्यावर बसतो, कुणी गोलकडं पाठ करून गॅलरीच्या आवाजावरून निकाल ओळखतो.

शेवटच्या किकला पुन्हा गोलकडं वळा. जिंकणाऱ्याची धाव बहुधा आपल्या समर्थकांच्या गॅलरीकडं असते, म्हणजे ती गॅलरी कुठली हे सामना सुरू होण्याआधीच बघून ठेवायला हवं.

११. मारामारीचे फोटो.

यावर माझं मत ठाम आहे आणि सगळ्यांना ते पटत नाही. ईर्षा कधी कधी हद्द सोडते. गॅलरीतून बाटल्या येतात, मैदानात माणसं उतरतात, पोलीस धावतात. त्या क्षणी कॅमेरा हातात असलेल्या हौशी माणसाला वाटतं की आज मोठा फोटो मिळाला. मी तो काढत नाही आणि माझ्याकडून शिकणाऱ्या पोरांनाही काढू देत नाही. बातमीदाराचं ते काम आहे, त्याच्यामागं त्याचं वर्तमानपत्र आहे, कुठला चेहरा छापायचा याची जबाबदारी घेणारा संपादक आहे. आपला फोटो मात्र तासाभरात शंभर मोबाइलवर जातो, सोबत भलताच मजकूर चिकटतो, आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा चिडलेला चेहरा दोन पेठांच्या भांडणाचं निमित्त होतो. पुढच्या सामन्यापर्यंत ते विझत नाही.

दंगा दिसला की कॅमेरा बॅगेत घालून भिंतीकडं सरका. कुणी जखमी असेल तर त्याला धरा. बाकीचं संयोजक आणि पोलीस बघतील.

लहान मुलांच्या सामन्यांनाही हीच काळजी घ्या. शाळेच्या स्पर्धेतल्या पोरापोरींचे फोटो पालकांना आणि शिक्षकांना विचारून काढा, आणि शाळेचं नाव, मुलाचं नाव, चेहरा हे तिन्ही एकत्र सगळीकडं पसरवू नका. मुलींचे सामने आता वाढत आहेत ही फार आनंदाची गोष्ट आहे. त्यांचेही फोटो खेळाचेच असावेत: टॅकल, हेड, फटका, घाम. नटून उभ्या केलेल्या ओळीचे फोटो त्यांच्या वाट्याला पुष्कळ येतात.

१२. घरी आल्यावर निर्दय व्हा.

सामन्यात पाच-सातशे फोटो सहज निघतात. त्यातले वीस ठेवा. एकाच उडीचे सात फोटो असतील तर सगळ्यात वर गेलेला, चेहरा दिसणारा आणि चेंडू असलेला एकच निवडा. क्षितिज सरळ करा. कललेली गॅलरी पाहून डोकं फिरतं. कापताना पाय घोट्यातून आणि हात मनगटातून तोडू नका. रंग भडक करण्याचा मोह आवरा, कारण जर्सीचा रंग हा इथं पेठेचा रंग असतो आणि निळ्याचा जांभळा झाला तर समर्थकांना ते लगेच कळतं. आपलं नाव फोटोवर टाकायचं असेल तर कोपऱ्यात बारीक टाका, खेळाडूच्या छातीवरून आडवं नेऊ नका.

१३. नाव, तारीख, आणि ज्याचा त्याला.

फोटो खेळाडूपर्यंत पोचला नाही तर ही सगळी खटपट अपुरी आहे. त्याच रात्री पोचवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच्या स्टेटसवर असतो, आठवड्याभरात कोपऱ्यावरच्या डिजिटल फलकावर चढतो, आणि पुढं कधी तरी नोकरीच्या अर्जासोबत खेळाचा पुरावा म्हणून जोडला जातो. खेळाच्या जोरावर नोकरी शोधणारी पोरं आपल्याकडं कमी नाहीत. त्यांच्यासाठी आपला फोटो शोभेचा नसतो. म्हणून फाइलला नाव द्या: तारीख, स्पर्धा, दोन्ही संघ, खेळाडूचा नंबर. ‘आयएमजी’पुढं चार आकडे असलेल्या फाइलचं पाच वर्षांनी काय करायचं?

२०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. आज पेठेतल्या गल्लीत चेंडू मारणाऱ्या पोरांपैकी कोण कुठं पोचेल हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून बारा वर्षांच्या पोराच्या फोटोलाही तेवढंच नीट नाव द्या. बाकीच्यांच्या फोटोंना तर जास्तच. ते या मैदानापलीकडं कुठं खेळणार नाहीत, आणि त्यांचा खेळ आपण टिपला नाही तर दुसरा कुणी टिपणार नाही.

तालमीत भिंतीवर जुन्या संघांचे ग्रुप फोटो लावलेले असतात. त्यातल्या कित्येकांखाली नावं नाहीत, आणि सांगणारी माणसं एक एक करून जात आहेत. मी आता दोन कामं जोडीनं करतो. जुन्या खेळाडूंना तालमीत बोलावून त्या फोटोंसमोर बसवतो आणि ते सांगतील तशी नावं वहीत उतरवून घेतो. दोघांची आठवण जुळली नाही तर दोन्ही नावं लिहितो. आणि नव्या हंगामाचा ग्रुप फोटो काढला की तिथंच, पोरं उभी असतानाच, डावीकडून उजवीकडं नावं लिहून घेतो: उभे असलेले, बसलेले, प्रशिक्षक, बर्फाची पिशवी घेऊन धावणारा पोरगा, आणि जर्सी धुऊन आणणारी माणसं. वहीच्या त्या पानाचाही फोटो काढून ग्रुप फोटोच्या फाइलसोबत ठेवतो. एक प्रत माझ्या घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी तालमीकडं.